बॅगलेस व्हॅक्यूम क्लीनर : पिशवीचे काम आता कोणाकडे?

घरातील यंत्रे : वाचकांचे प्रश्न

दसरा-दिवाळीची आवराआवर जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. पावसाळाभर इन्व्हर्टर आणि वॉशिंग मशीन यांविषयी विचारणारे वाचक अचानक धुळीविषयी विचारू लागतात. या वेळी नाशिक आणि परिसरातून आलेली बरीचशी पत्रे पिशवी नसलेल्या, म्हणजेच बॅगलेस व्हॅक्यूम क्लीनरभोवती फिरत होती. म्हणून या महिन्याचे सदर त्यालाच दिले आहे. उत्तरे लिहिताना यंत्रदुरुस्तीच्या बाकावर घालवलेल्या वर्षांचा अनुभव हाताशी आहे, त्यामुळे यंत्र विकत घेतानाच्या सुखापेक्षा ते दुरुस्तीला येते तेव्हाची अवस्था माझ्या डोळ्यांसमोर अधिक असते, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

प्रश्न : आम्ही इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. सिंहस्थाच्या निमित्ताने निघालेल्या कामांमुळे सध्या घरात धूळ फार येते आणि सासूबाईंना दमा आहे. आमच्याकडे पंधरा वर्षांपूर्वीचा, कापडी पिशवीचा व्हॅक्यूम क्लीनर आहे. तो लावला की त्यांना खोकल्याची उबळ येते. दुकानदार म्हणतात की बॅगलेस घ्या, पिशवीचा खर्चही नाही आणि कटकटही नाही. हे कितपत खरे आहे?
— एक गृहिणी, इंदिरानगर

उत्तर : निम्मे खरे आहे. पिशवीचा खर्च नाही हे खरे, पण कटकट नाही हे खरे नाही. पिशवी जे काम एकटी करीत होती ते बॅगलेस यंत्रात तिघांत वाटले जाते : काही डबा करतो, काही फिल्टर करतो आणि उरलेले घरातल्या माणसाला करावे लागते. आपल्या घरात दम्याचा रुग्ण असल्यामुळे माणसाच्या वाट्याला येणारे हे तिसरे काम कोण आणि कोठे करणार, यावर सगळा निर्णय अवलंबून आहे.

मात्र त्याआधी एका शब्दाचा घोळ सोडवू. ‘पिशवीवाले यंत्र’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. आपल्याकडे अनेक वर्षे घरोघरी होता तो कापडी पिशवीचा प्रकार. पिशवी भरली की गच्चीवर जाऊन झटकायची आणि पुन्हा बसवायची. कापड विणलेले असते, धाग्यांच्या मधल्या जागेतून बारीक धूळ सहज पार होते आणि यंत्राच्या मागच्या जाळीतून ती हवेबरोबर पुन्हा खोलीत येते. सासूबाईंना येणाऱ्या खोकल्याचे कारण बहुधा हेच असावे, कारण जमिनीवर शांत पडून असलेली धूळ आपले यंत्र त्यांच्या नाकाच्या उंचीपर्यंत आणून सोडते. दुसरा प्रकार एकदाच वापरून टाकून द्यायच्या पिशवीचा. ही पिशवी जाड कागदाची किंवा कृत्रिम तंतूंच्या अनेक थरांची असते, हे थर विणलेले नसून दाबून बसवलेले असतात आणि त्यामुळे पिशवी हाच एक मोठा फिल्टर होतो. आपल्याला आलेला अनुभव पहिल्या प्रकाराचा आहे. त्यावरून दुसऱ्या प्रकारालाही नापास करणे योग्य होणार नाही.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते आपल्या घराशी जुळणारे आहे. हातात धरून चालवायच्या विजेच्या व्हॅक्यूम क्लीनरचा जन्मच दम्यातून झाला. अमेरिकेत ओहायो राज्यातील कँटन या गावी जेम्स मरी स्पँग्लर नावाचे गृहस्थ एका दुकानात साफसफाईचे काम करीत. झाडलोट करताना उडणाऱ्या धुळीने त्यांचा दमा बळावे, म्हणून त्यांनी विजेचा पंखा, झाडूचा दांडा आणि धूळ धरण्यासाठी चक्क उशीचा अभ्रा जोडून एक यंत्र तयार केले आणि १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढे ते हक्क हूवर या उद्योजकाकडे गेले आणि बाकीचा इतिहास त्या नावाने ओळखला जातो. आपली कापडी पिशवी ही त्या अभ्र्याचीच लेक आहे.

आता बॅगलेसकडे वळू. अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतून जाताना काही कारखान्यांवर पत्र्याचे उलटे शंकू दिसतात, त्यांना सायक्लोन म्हणतात. धुळीची हवा त्यात कडेने, तिरपी आत सोडतात. ती गरगर फिरते, जड कण भिंतीकडे फेकले जाऊन खाली घसरतात आणि हलकी झालेली हवा मधून वर निघून जाते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जेम्स डायसन या इंग्रज संशोधकाने लाकडाच्या गिरणीवरील अशाच शंकूवरून घरगुती यंत्राची कल्पना घेतली, ५,१२६ नमुने फसल्यानंतर ५,१२७ वा जमला आणि १९९३ मध्ये त्याच्या स्वतःच्या नावाचे यंत्र ब्रिटनच्या बाजारात आले. पिशवीच्या कापडाची छिद्रे धुळीने बुजतात आणि ओढ मंदावते, ही त्याची मूळ तक्रार होती, आणि ती रास्त होती. शंकूमध्ये बुजण्यासारखे कापडच नसल्याने डबा निम्मा भरला तरी ओढ बरीचशी कायम राहते. हा बॅगलेसचा सर्वांत मोठा आणि निर्विवाद फायदा आहे. दुसरा फायदा लहान असला तरी घरात फार मोलाचा ठरतो : डबा पारदर्शक असतो, त्यामुळे कानातल्याची फिरकी किंवा मंगळसूत्राचा तुटून पडलेला मणी आत गेला तर लगेच दिसतो, पिशवीत गेला असता तर तो थेट घंटागाडीत गेला असता.

शंकूची मर्यादाही त्याच्या गुणातच दडलेली आहे. फेकले जाण्यासाठी कणाला वजन लागते. केस, वाळू, पोळीचे तुकडे, गादीतला कापूस हे सारे झटकन बाजूला पडते. पण काही मायक्रॉनचे अतिसूक्ष्म कण हवेबरोबरच वळतात आणि पुढच्या फिल्टरवर जाऊन बसतात. म्हणून प्रत्येक बॅगलेस यंत्रात मोटरीच्या आधी एक स्पंजचा फिल्टर आणि हवा बाहेर पडते तेथे दुसरा, बहुतेक वेळा हेपा फिल्टर असतो. दम्याच्या दृष्टीने या दुसऱ्या फिल्टरला महत्त्व आहे. एच-१३ दर्जाचा खरा हेपा फिल्टर, जे कण अडवणे सर्वांत कठीण असते तेही ९९.९५ टक्के अडवतो. ‘हेपासारखा’ किंवा ‘हेपा टाइप’ अशी अक्षरे असतील तर तो आकडा लागू होत नाही; खोक्यावर दर्जा स्पष्ट छापलेला नसेल तर तो नाही असेच समजावे. शिवाय फिल्टर चांगला असूनही त्याच्या कडेची रबरी पट्टी सैल असली तर हवा फिल्टर सोडून बाजूने निघते. दुकानात यंत्र पाच-सात मिनिटे चालवून मागच्या जाळीवर ओला पांढरा रुमाल धरावा. रुमालावर राखाडी ठिपके उमटले तर ते यंत्र दम्याच्या घरात नेऊ नये. रुमालाची ही कसोटी मी शोधलेली नाही; १९०१ मध्ये लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढली होती आणि रुमालावर उमटलेल्या धुळीवरूनच धूळ उडवण्याऐवजी ओढून घेणारे यंत्र करायचे ठरवले होते. आपण तोच रुमाल यंत्राच्या दुसऱ्या टोकाला धरत आहोत, इतकेच.

आता माणसाच्या वाट्याचे काम. बॅगलेसचा डबा साधारण एक ते दोन लिटरचा असतो, म्हणजे आपल्या घरात तो एक-दोन वेळच्या सफाईत भरेल. प्लॅस्टिकमध्ये फिरून फिरून धुळीवर स्थिर वीज चढलेली असते, ती भिंतींना चिकटते आणि खटका दाबून तळ उघडताच भपकन वर येते. पंधरा मिनिटे यंत्र चालवून जे कमावले ते या अर्ध्या मिनिटात गमावता येते. टाकाऊ पिशवीच्या यंत्रात मात्र तोंडावरचे झाकण सरकवले की पिशवी बंद होते, ती तशीच उचलून सुक्या कचऱ्यात देता येते आणि हात धुळीला लागत नाही.

तेव्हा माझे मत असे : नाशिकमध्ये ज्या यंत्राच्या टाकाऊ पिशव्या दुकानात प्रत्यक्ष ठेवलेल्या दिसतील, केवळ ‘मागवून देऊ’ असे आश्वासन मिळणार नाही, असे बंदिस्त आणि हेपा फिल्टरचे पिशवीवाले यंत्र मिळाले तर आपण तेच घ्यावे. पिशव्यांच्या पाकिटाचा खर्च अंगावर येतो हे मान्य, पण बॅगलेसचे फिल्टरही वर्षा-दीड वर्षाने बदलावे लागतात आणि दुकानदार खर्चाच्या हिशेबात ते धरत नाहीत. पिशव्यांची खात्री नसेल तर बॅगलेस घ्यावे, मात्र डबा रिकामा करण्याचे काम सासूबाईंच्या खोलीपासून दूर, बाल्कनीत किंवा खाली, वारा नसताना करावे आणि डबा एका मोठ्या पिशवीत खोलवर नेऊनच उघडावा. पिशवीचे तोंड लगेच बांधावे आणि हे करणाऱ्याने मास्क लावावा. यंत्र चालत असताना आणि त्यानंतरचा अर्धा तास सासूबाईंनी दुसऱ्या खोलीत बसावे.

आणखी एक गोष्ट, जी कोणताच दुकानदार सांगणार नाही. दम्याला चेतवणाऱ्या घरगुती धुळीत मोठा वाटा धुळीतील किडींच्या विष्ठेचा असतो. या किडी सुमारे पाव ते तिहाई मिलिमीटर लांबीच्या, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसतील न दिसतील अशा असतात, हवेतील ओलाव्यावर जगतात आणि गादी-उशीत राहतात. गादीवरची धूळ यंत्र ओढते, पण खोलवर पाय रोवून बसलेल्या जिवंत किडी तशाच राहतात. चादरी आणि अभ्रे आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुणे आणि फरशी ओल्या फडक्याने पुसणे हे कोणत्याही महागड्या यंत्राच्या बरोबरीने करावे लागते. औषधांविषयी अर्थातच आपल्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

प्रश्न : गेल्या दिवाळीत मी बॅगलेस व्हॅक्यूम क्लीनर घेतला. पहिले दोन महिने उत्तम चालला. नंतर घराचे रंगकाम काढले, भिंतींना पुट्टी मारून घासली, ती सर्व पांढरी भुकटी याच यंत्राने ओढली आणि तेव्हापासून त्यात जीव राहिला नाही. आवाज मात्र पूर्वीपेक्षा चढला आहे. सर्व्हिस सेंटरने मोटर बदलायला सांगितली आहे. ओढ कमी होत नाही म्हणून तर बॅगलेस घेतले होते!
— एक निवृत्त अधिकारी, गंगापूर रोड

उत्तर : मोटर बदलण्याची घाई करू नये. आवाज चढला आहे, हे वाक्य आपण सहज लिहिले असले तरी निदान त्यातच आहे. या यंत्रातील पंख्याला ढकलायला हवा कमी मिळाली की त्याच्यावरचा भार उतरतो आणि मोटर अधिक वेगाने, अधिक चिरक्या सुरात फिरते. मोटर जळण्याच्या मार्गावर असती तर बहुधा कार्बनचा वास, ठिणग्या किंवा खरखर जाणवली असती. आपल्या यंत्राची हवा कोठेतरी अडली आहे.

कोठे अडली, हे घरीच कळते. पाइप यंत्रापासून काढावा आणि यंत्राच्या तोंडावर तळहात धरावा. ओढ जोरकस लागली तर अडथळा पाइपात आहे. पाइप उभा धरून वरून एक गोटी सोडावी, ती खाली आली तर मार्ग मोकळा आहे असे समजावे. तोंडापाशीच ओढ नसेल तर दोष फिल्टरमध्ये आहे, आणि आपली हकीकत वाचून माझा कल तिकडेच आहे. पुट्टीची घासलेली भुकटी ही बॅगलेस यंत्राची सर्वांत मोठी वैरीण. शंकूला पकडता न येण्याइतकी बारीक असल्याने ती जवळजवळ जशीच्या तशी फिल्टरवर गेली असणार.

येथे एक सावधगिरी, कारण माझ्याकडे असे फिल्टर दगड होऊन आलेले आहेत. पुट्टीत बहुधा पांढरे सिमेंट असते, प्लॅस्टर ऑफ पॅरिस तर पाणी लागताच घट्ट होते. तो फिल्टर थेट नळाखाली धरला तर भुकटी स्पंजच्या आतच बसते आणि फिल्टर कायमचा निकामी होतो. आधी तो घराबाहेर, कोरडा असतानाच, हलक्या हाताने पुष्कळ वेळा आपटून झटकावा, शक्य असल्यास दुसऱ्या यंत्राने किंवा हवेच्या पिचकारीने उलट बाजूने साफ करावा, आणि भुकटी निघेनाशी झाल्यावरच स्वच्छ थंड पाण्यात पिळून पिळून धुवावा. हेपा फिल्टर धुता येतो की नाही हे त्याच्यावर लिहिलेले असते. कागदी किंवा काचतंतूंचा असेल तर पाण्याचा स्पर्शही होऊ देऊ नये, तो बदलावा. धुतलेला फिल्टर सावलीत निदान एक दिवस वाळवावा, पावसाळ्यात दोन दिवस. ‘हाताला कोरडा लागतो’ म्हणून ओलसर फिल्टर बसवणारे लोक काही दिवसांनी कुबट वासाची तक्रार घेऊन येतात आणि क्वचित मोटरीत ओलावा गेल्याचीही. पन्नास वेळा सांगून झाले तरी एक सूचना पुन्हा देतो : यंत्र घेतानाच स्पंजच्या फिल्टरची दुसरी जोडी घेऊन ठेवावी, म्हणजे एक वाळत असताना दुसरा चालतो.

‘ओढ कमी होत नाही’ या दाव्याविषयीही बोलले पाहिजे. तो दावा डब्यापुरता खरा आहे. डबा भरल्याने ओढ फारशी कमी होत नाही, पण फिल्टर भरल्याने होते, आणि पिशवीवाल्या यंत्रात नवी पिशवी बसवली की हवेचा मुख्य अडथळा आपोआप दूर होतो, तसे येथे होत नाही. ज्याने फिल्टर महिन्याला धुतला त्याच्यासाठी जाहिरात खरी ठरते. ज्याने वर्षभर उघडून पाहिला नाही त्याच्यासाठी ती खोटी ठरते. यंत्र मध्येच बंद पडून अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होत असेल तर तेही याच दुखण्याचे पुढचे लक्षण आहे, कारण अनेक यंत्रांत याच हवेने मोटर थंड राहते आणि ती मिळाली नाही की आतला सुरक्षा खटका पडतो.

पुढच्या रंगकामाच्या वेळी कामगारांना त्यांचे ड्रमचे यंत्र आणायला सांगावे. आपले यंत्र त्या दिवशी कपाटात ठेवून कुलूप लावले तरी हरकत नाही.

प्रश्न : घरात लॅब्रॅडॉर आहे आणि आम्हा मायलेकींचे केस लांब. पिशवी बरी की डबा?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : कुत्र्याच्या केसांसाठी डबा बरा, कारण केस पिशवीत फुगून बसतात आणि ती वजनाने हलकी असतानाच भरते, डब्यातून तो गोळा एकदम निघतो. मात्र आपल्या दोघींचे लांब केस डब्यापर्यंत पोहोचतच नाहीत, ते फिरत्या ब्रशच्या रोलरला गुंडाळले जातात आणि दोन्ही टोकांच्या बेअरिंगमध्ये शिरतात. दर पंधरवड्याला रोलर काढून, दांड्याच्या लांबीने कात्री चालवून केस कापून काढावेत. रोलर सुटा निघत नसेल असे यंत्र घेऊच नये. पावसाळ्यात ओल्या कुत्र्याचा वास डब्यात राहतो. डबा धुवून पूर्ण वाळवल्याखेरीज बसवू नये.

प्रश्न : मी सातपूरला कारखान्यात नोकरी करतो, दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. दुकानात एका यंत्रावर १६०० वॅट लिहिले आहे, दुसऱ्या बिनवायरीच्या यंत्रावर २२ किलोपास्कल. दोन्ही बॅगलेस आहेत. मोठा आकडा घ्यावा का? आणि हे यंत्र घरच्या इन्व्हर्टरवर चालेल का?
— एक तरुण वाचक, सातपूर

उत्तर : आपण यंत्रांजवळ काम करता, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. वॅट हे यंत्र किती वीज खाते त्याचे माप आहे, किती धूळ ओढते त्याचे नव्हे. युरोपीय संघाने हा भ्रम कायद्यानेच मोडला : सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅटपेक्षा आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटपेक्षा अधिक ताकदीच्या मोटरीचे घरगुती व्हॅक्यूम क्लीनर तेथे नव्याने विक्रीला आणता येत नाहीत, आवाजाची मर्यादाही ८० डेसिबल ठेवली गेली. तरीही तेथील गालिचे स्वच्छ होतात, कारण उत्पादकांनी हवेचा मार्ग आणि तोंडाचा ब्रश सुधारला.

किलोपास्कल हे खेचण्याच्या दाबाचे माप आहे, पण ते बहुधा यंत्राचे तोंड पूर्ण बंद करून घेतलेले असते. तोंड बंद असताना हवा वाहतच नाही, आणि धूळ उचलते ती वाहती हवा. दाब आणि हवेचा प्रवाह यांचा मिळून होणारा आकडा एअरवॅटमध्ये देतात. तो दिलेला असेल तर दोन यंत्रांची तुलना त्यावर करावी. आकडे कोणत्या स्थितीत मोजले हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, याचे एक उदाहरण न्यायालयातले आहे. युरोपातील व्हॅक्यूम क्लीनरच्या वीजवापराच्या लेबलांसाठी चाचणी रिकाम्या पिशवीने किंवा रिकाम्या डब्याने घेतली जात असे. प्रत्यक्ष वापरात यंत्र रिकामे नसते, ही डायसन कंपनीची तक्रार तेथील न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्य केली आणि ती लेबले रद्द झाली. तक्रारदार बॅगलेसचा उत्पादक होता, त्यात त्याचा स्वार्थ होता हे उघड आहे. तरी मुद्दा चुकीचा नव्हता.

आपल्या दोन खोल्यांना बिनवायरीचे यंत्र पुरेल, पण तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. त्याचा डबा फार लहान, पुष्कळदा अर्ध्या लिटरच्या आसपास असतो. खोक्यावर लिहिलेली चाळीस-पन्नास मिनिटे सर्वांत मंद वेगावरची असतात, सर्वांत जोराच्या वेगावर बॅटरी बऱ्याच यंत्रांत दहा मिनिटेही टिकत नाही. आणि लिथियम बॅटरी काही वर्षांत क्षीण होतेच, म्हणून ती सुटी निघते का आणि सुटी विकत मिळते का, हे बिल करण्याआधी विचारावे. बॅटरी आतच बंद केलेली असेल तर आपण यंत्र विकत घेत नसून काही वर्षांच्या भाड्याने घेत आहात असे समजावे.

इन्व्हर्टरवर १६०० वॅटचे यंत्र लावू नये. घरगुती इन्व्हर्टर पंखे, दिवे आणि दूरदर्शन संच यांच्या हिशेबाने घेतलेला असतो, तो तत्काळ बंद पडेल. विजेच्या बिलाची मात्र फारशी काळजी नको : १४०० वॅटचे यंत्र वीस मिनिटे चालले तर जेमतेम अर्धा युनिट होतो.

प्रश्न : देवघरातील उदबत्तीची राख आणि दारापुढची रांगोळी बॅगलेसने ओढावी का?
— एक आजी, पंचवटी

उत्तर : ओढू नये, आजी. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी; ती फिल्टर बुजवते आणि पारदर्शक डब्यावर ओरखडे पाडते. राखेचे त्याहून वाईट, कारण ती गार झाल्यासारखी दिसते पण पोटात ठिणगी जपून असते, आणि वाहत्या हवेने ती फुलते. कोरड्या केसांनी आणि कापसाने भरलेल्या डब्यात अशी ठिणगी जाणे म्हणजे फुंकणी लावून चूल पेटवण्यासारखेच. देवघरापुढे आपली केरसुणी आणि सुपली पुरेशी आहे. कुंकू सांडले तर तेही हातानेच उचलावे. यंत्रात गेले तर फिल्टर रंगतो आणि धुतला तरी तो रंग जात नाही.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची कांद्याची चाळ आहे. प्रतवारी चालू असली की कांद्याची पात आणि साल घरभर होते, पायांबरोबर मातीही येते. बॅगलेस टिकेल का?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : घरगुती बॅगलेस टिकणार नाही. कांद्याची कोरडी साल वजनाला नगण्य आणि आकाराने मोठी असल्यामुळे शंकूच्या आतील जाळीवर चिकटून बसते आणि हवा अडवते. आपण ओले-सुके दोन्ही ओढणारे, पंधरा-वीस लिटर ड्रमचे यंत्र घ्यावे. ट्रॅक्टरची केबिनही त्यानेच होईल. पाणी ओढायचे असेल तेव्हा आतील कागदी पिशवी आणि कोरडा फिल्टर आठवणीने काढावा, आणि काम झाल्यावर ड्रम उघडाच ठेवून वाळवावा.

प्रश्न : माझ्याकडे दारावर आलेल्या विक्रेत्याकडून १९९० च्या दशकात घेतलेला कापडी पिशवीचा व्हॅक्यूम क्लीनर आहे. अजून सुरू होतो. मुले म्हणतात भंगारात द्या आणि बॅगलेस आणा. द्यावा का?
— एक निवृत्त शिक्षिका, नाशिकरोड

उत्तर : सुरू होत असेल तर द्यायचे कारण नाही. त्या काळच्या यंत्रांची मोटर उघडता येते, तिच्यातील कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे झिजते तुकडे, बदलता येतात, आणि सर्व स्क्रू दिसतात. आजच्या कित्येक यंत्रांना खाचेत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या कड्या असतात, त्या एकदा उघडल्या की तुटतात. आपल्या घरात दम्याचा किंवा ॲलर्जीचा रुग्ण नसेल, तर पंख्याची पाती, माळा, पडदे, खिडक्यांचे खोबण आणि मोटारीतील पायपोस यांसाठी तो चालू ठेवावा. बसल्या-उठल्याच्या खोल्यांसाठी मुलांनी आणलेले नवे यंत्र वापरावे. मुलांचाही मान राहील.

फक्त तीन दुरुस्त्या करून घ्याव्यात. वायर जुनी होऊन कडक झाली असेल तर ती बदलावी आणि तीन पिनांचीच बसवावी. पाइपला कोठे तडा असल्यास चिकटपट्टी न लावता पाइपच नवा घ्यावा, कारण तड्यातून आत शिरणारी हवा ओढ खाऊन टाकते. आणि कापडी पिशवी विरळ झाली असेल, म्हणजे उजेडाकडे धरल्यावर ठिपके दिसत असतील, तर शिंप्याकडून घट्ट विणीच्या सुती कापडाची नवी शिवून घ्यावी, जुनी पिशवी मापाला द्यावी आणि तोंडाची पट्टी नेमकी तेवढीच ठेवायला सांगावी. यंत्र खरोखर मोडीत काढायची वेळ आली तर ते घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्राला द्यावे. तोपर्यंत पिशवी पूर्वीप्रमाणेच गच्चीवर झटकावी, पण आधी खालच्या मजल्यावर कोणाचे कपडे वाळत आहेत का, ते पाहून घ्यावे.